राष्ट्रीय उत्पन्नाचे लेखांकन घरबसल्या शिकायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

डोंबिवलीत राहणाऱ्या आणि अंधेरीतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करणाऱ्या एका वाणिज्य पदवीधराने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांना राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेखांकनाची मूलतत्त्वे ऑनलाइन शिकायची आहेत. शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले आहे, आणि वेळ मिळतो तो लोकलच्या प्रवासात व सुटीच्या दिवशी. कोणता अभ्यासक्रम निवडावा, गणित कितपत लागते, आणि एकाच वर्षाच्या जीडीपीचे, म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादनाचे, आकडे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे का दिसतात, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. मुंबईतील वित्तीय क्षेत्रात संशोधनाचे काम करताना हे आकडे वाचण्यात आणि नव्या सहकाऱ्यांना ते वाचायला शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून लिहितो.

अभ्यासक्रमाची निवड हा यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. एनसीईआरटीच्या बारावीच्या समष्टी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेखांकनावरचे दुसरे प्रकरण आणि बालभारतीच्या बारावीच्या अर्थशास्त्रातील ‘राष्ट्रीय उत्पन्न’ हे प्रकरण, या दोन्ही गोष्टी संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात आणि पायाभरणीसाठी त्या पुरेशा आहेत. बालभारतीच्या पुस्तकात या प्रकरणाच्या आधी निर्देशांकांचे प्रकरण येते. ते कंटाळवाणे वाटले तरी वगळू नका, कारण चालू (त्या त्या वर्षाच्या) आणि स्थिर (एका ठरावीक वर्षाच्या) किमतींचा सगळा भाग त्याच्यावर उभा आहे. पैसे भरून प्रमाणपत्र मिळवण्याची नोकरीसाठी गरज असेल तर गोष्ट वेगळी. विषय समजून घेण्यासाठी एक रुपयाही खर्च करण्याची आवश्यकता मला दिसत नाही. गणिताचे म्हणाल तर बेरीज, वजाबाकी, टक्केवारी आणि गुणोत्तर यांच्या पलीकडचे काहीही सुरुवातीला लागत नाही.

मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पुष्कळ विद्यार्थी व्हिडिओ पाहून सूत्रे पाठ करतात, आणि पाठ झालेल्या सूत्रात कोणता आकडा घालायचा हे मात्र त्यांना ठरवता येत नाही. या विषयातील अवघड भाग सूत्रांत नसून सीमारेषांत आहे: कशाला उत्पादन म्हणायचे, ते कोणाच्या नावावर मांडायचे, कोणत्या वर्षात मांडायचे आणि कोणत्या किमतीला. हे चार निर्णय कळले की सूत्रे आपोआप जुळतात. म्हणून मी नेहमी सुचवतो की पाठ्यपुस्तकातील प्रकरण एकदा वाचून झाल्यावर लगेच कागद-पेन्सिल घ्यावी आणि ओळखीच्या एखाद्या व्यवसायाचा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

घाटकोपर स्थानकाबाहेरची एक वडापावची गाडी घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. दिवसाला 300 वडापाव, प्रत्येकी 20 रुपये, म्हणजे एकूण विक्री 6,000 रुपये. बेकरीतून आणलेले पाव 1,200 रुपयांचे, बटाटे, बेसन, मिरची, लसूण आणि तेल मिळून 1,600, गॅस 300, कागद आणि किरकोळ 100. हा 3,200 रुपयांचा झाला मध्यवर्ती वापर. तो विक्रीतून वजा केला की उरतात 2,800 रुपये, आणि हेच त्या गाडीचे स्थूल मूल्यवर्धन. आता या 2,800 रुपयांचे वाटप पाहा. दोन मदतनिसांची मजुरी 1,300 रुपये. उरलेले 1,500 रुपये मालकाचे. या 1,500 रुपयांत त्याच्या स्वतःच्या श्रमाचा मोबदला किती, भांडवलावरचा परतावा किती आणि गाडी व कढईची झीज किती, हे वेगळे करता येत नाही, म्हणून राष्ट्रीय लेख्यांत त्याला ‘संमिश्र उत्पन्न’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. त्याने कर्ज काढले असेल आणि दिवसाला 100 रुपये व्याज जात असेल, तर ते या 1,500 मधून जाते. मूल्यवर्धनातून ते आधी वजा होत नाही. (जागेसाठी बेकायदा द्याव्या लागणाऱ्या हप्त्याचे काय, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याच्या बदल्यात कोणतीही वस्तू किंवा सेवा मिळत नसल्यामुळे तो मध्यवर्ती वापरात धरता येत नाही. तोही गाडीवाल्याच्या उत्पन्नातूनच जातो.)

तुमच्यासारख्या लेखापालांची येथे एक सोय होते आणि एक अडचण होते. सोय अशी की नोंदींची शिस्त अंगवळणी पडलेली असते. अडचण अशी की नफा-तोटा पत्रकात पगार आणि व्याज हे दोन्ही खर्चाच्या बाजूला बसतात, त्यामुळे मूल्यवर्धन काढतानाही हात सवयीने ते वजा करायला जातो. राष्ट्रीय लेख्यांच्या दृष्टीने पगार हा खर्च नसून निर्माण झालेल्या मूल्याचा एक वाटा आहे. ही सवय मोडण्याचा उत्तम उपाय म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या उत्पादक कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घेणे आणि त्यातून तिचे मूल्यवर्धन दोन बाजूंनी काढून पाहणे. वरून खाली येताना विक्रीतून कच्चा माल, वीज, वाहतूक आणि इतर खरेदी केलेल्या सेवा वजा करा आणि तयार मालाच्या साठ्यातील बदल मिळवा. खालून वर जाताना करपूर्व नफ्यात कर्मचाऱ्यांवरील खर्च, व्याजखर्च आणि घसारा मिळवा, आणि मिळालेला लाभांश, मिळालेले व्याज व मालमत्ता विकून झालेला नफा वजा करा, कारण ते त्या कंपनीच्या उत्पादनातून आलेले नाहीत. दोन्ही उत्तरे जवळपास सारखी यावीत. न आल्यास ‘इतर खर्च’ या शीर्षाखाली काय काय दडले आहे ते टीपांमध्ये शोधावे लागते, आणि त्या शोधात जे शिकायला मिळते ते कोणत्याही व्हिडिओत मिळत नाही. जानेवारी 2015 मध्ये लागू झालेल्या, 2011-12 या आधारवर्षाच्या (ज्याच्या किमती तुलनेसाठी धरतात त्या वर्षाच्या) मालिकेपासून खासगी कंपनी क्षेत्राचे मूल्यवर्धन कंपन्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ऑनलाइन भरलेल्या लेख्यांवरूनच काढले जाते. म्हणजे हा सराव प्रत्यक्ष कामाच्या बराच जवळ जातो.

वडापावच्या गाडीकडे पुन्हा वळू, कारण तिच्यात आणखी एक मुद्दा आहे. पाव बनवणाऱ्या बेकरीचे मूल्यवर्धन, तिला पीठ देणाऱ्या गिरणीचे, गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे, असे मागे मागे जात सर्वांचे मूल्यवर्धन मिळवले तर ग्राहकांनी दिलेल्या 6,000 रुपयांशी ते जुळायला हवे. प्रत्यक्षात ते थोडे कमी भरेल. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, त्यामुळे त्या कढईतील तेलाच्या किमतीचा काही भाग मलेशियातील किंवा इंडोनेशियातील उत्पादकाचे मूल्यवर्धन असतो. खर्चपद्धतीने जीडीपी काढताना उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निर्यात यांच्या बेरजेतून आयात वजा करतात ती एवढ्याचसाठी: पहिल्या तीन-चार रकमांत ती आधीच शिरलेली असते, तिला बाहेर काढायचे असते. आयात वाढली म्हणून जीडीपी तेवढ्याने घटला, असे विधान वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवरही अधूनमधून वाचायला मिळते आणि ते चुकीचे आहे. परदेशातून 40,000 रुपयांना आलेला मोबाइल इथे 46,000 रुपयांना विकला गेला, तर 46,000 उपभोगात जातात, 40,000 आयातीत वजा होतात आणि कर बाजूला ठेवल्यास विक्रेता व वाहतूकदार यांचे 6,000 रुपये जीडीपीत राहतात.

उत्पादनाची सीमारेषा कोठे आखली आहे हे समजण्यासाठी मुंबईत घराइतका चांगला विषय नाही. वीस वर्षांपूर्वी बांधलेला फ्लॅट आज दीड कोटीला विकला गेला, तर या वर्षीच्या जीडीपीत दीड कोटींची भर पडत नाही. तो फ्लॅट ज्या वर्षी बांधला गेला त्या वर्षीच तो गुंतवणुकीत मोजला गेला आहे. दलालाने एक टक्का दलाली घेतली असेल तर ते दीड लाख रुपये मात्र या वर्षीची सेवा म्हणून मोजले जातात. विक्रेत्याला झालेला भांडवली नफा आयकराच्या दृष्टीने उत्पन्न असला तरी राष्ट्रीय लेख्यांत तो उत्पन्न नाही, आणि दलाल स्ट्रीटवर शेअरच्या भावात होणाऱ्या चढउतारांनाही हाच नियम लागू आहे. जुन्या इमारतीचा पुनर्विकास सुरू असेल तर त्या वर्षात जेवढे बांधकाम झाले तेवढे स्थिर भांडवलनिर्मितीत, म्हणजे घरे, यंत्रे यांसारख्या टिकाऊ मालमत्तेतील गुंतवणुकीत, जाते. जमिनीचा वाढलेला भाव त्यात येत नाही. आणि ज्या घरात मालक स्वतः राहतो, जिथे भाडे कोणीच कोणाला देत नाही, तिथे अंदाजित भाडे धरून ते जीडीपीत मिळवले जाते. असे न केल्यास चाळीतील सर्व भाडेकरूंनी आपापल्या खोल्या विकत घेतल्याच्या दिवशी, कोणाच्याही राहणीत फरक न पडता, देशाचे उत्पादन घटल्याचे दिसले असते.

हा युक्तिवाद मान्य केला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: मग घरातील स्वयंपाक, धुणीभांडी आणि आजाऱ्याची शुश्रूषा का मोजली जात नाही? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष 88 मिनिटे. तरीही स्वतःच्या घरासाठी केलेल्या अशा सेवा संयुक्त राष्ट्रसंघाच्या राष्ट्रीय लेखा प्रणालीने उत्पादनाच्या सीमेबाहेर ठेवल्या आहेत, तर घरच्या वापरासाठी पिकवलेले धान्य मात्र सीमेच्या आत आहे. याची समर्थने दिली जातात; बाजारभाव नसलेल्या एवढ्या प्रचंड रकमेमुळे चक्रीय, म्हणजे तेजी-मंदीचे, बदल वाचणे कठीण होईल, हे त्यांतील मुख्य. मला ते पूर्णपणे पटत नाही, पण शिकणाऱ्याने आधी नियम काय आहे तो नेमका समजून घ्यावा आणि मग त्याच्याशी भांडावे. झवेरी बाजारातून घेतलेले सोने हे असेच एक वेगळे प्रकरण आहे: भारताच्या लेख्यांत ‘मौल्यवान वस्तू’ या स्वतंत्र शीर्षाखाली सोन्याची नोंद स्थूल भांडवलनिर्मितीत होते, कुटुंबांच्या उपभोगात होत नाही.

‘देशांतर्गत’ आणि ‘राष्ट्रीय’ यांतील फरक पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकला जातो, म्हणून तो नेमका कोठे चुकतो ते दाखवतो. परदेशी जहाज कंपनीत नोकरी करणारा मुंबईचा खलाशी वर्षातील आठ-नऊ महिने समुद्रावर असतो, पण त्याचे कुटुंब, घर आणि आर्थिक व्यवहारांचे केंद्र येथेच असते. म्हणून तो भारताचा निवासी ठरतो. त्याचा पगार भारताच्या जीडीपीत येत नाही, परंतु परदेशातून आलेले प्राथमिक उत्पन्न म्हणून तो स्थूल राष्ट्रीय उत्पन्नात येतो. याउलट रत्नागिरीचा एखादा तरुण दुबईत वर्षापेक्षा अधिक काळासाठी स्थायिक झाला असेल, तर लेख्यांच्या दृष्टीने तो अनिवासी आहे. त्याने आईवडिलांना पाठवलेले पैसे भारताच्या जीडीपीत येत नाहीत आणि राष्ट्रीय उत्पन्नातही येत नाहीत. ते चालू हस्तांतरण (मोबदल्याशिवाय दिलेले पैसे) असल्याने फक्त राष्ट्रीय विनियोज्य उत्पन्नात, म्हणजे खर्च किंवा बचत करण्यासाठी देशाच्या हाती असलेल्या उत्पन्नात, दिसतात. दोघांचेही पैसे बँकेत सारख्याच रीतीने जमा होतात, नागरिकत्वही एकच आहे, तरी नोंदीची जागा निवासावरून ठरते. दादाभाई नौरोजींनी 1867-68 साठी काढलेल्या, दरडोई सुमारे 20 रुपये उत्पन्नाच्या अंदाजामागचा प्रश्नही याच जातीचा होता: येथे निर्माण झालेल्या मूल्यापैकी किती येथील लोकांच्या हाती राहते आणि किती देशाबाहेर जाते.

आता प्रत्यक्ष तक्त्याकडे या. सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय उत्पन्नाची प्रसिद्धिपत्रके पीडीएफ स्वरूपात मिळतात, आणि जून 2024 पासून सुरू झालेल्या ई-सांख्यिकी पोर्टलवरून मालिकांचे आकडे एक्सेलमध्ये उतरवता येतात. मे 2025 च्या अखेरीस आलेले 2024-25 चे हंगामी, म्हणजे तात्पुरते, अंदाज सरावासाठी घेऊ. चालू किमतींना स्थूल मूल्यवर्धन 300.22 लाख कोटी रुपये आणि जीडीपी 330.68 लाख कोटी रुपये. यांतील 30.46 लाख कोटींचा फरक म्हणजे उत्पादनांवरील कर वजा उत्पादनांवरील अनुदाने: जीएसटी, अबकारी आणि सीमाशुल्क एका बाजूला, तर अन्न, खते वगैरेंवरील अनुदाने दुसऱ्या बाजूला. व्यवसायकर किंवा जमीन महसूल यांसारखे, उत्पादन किती झाले याच्याशी थेट संबंध नसलेले कर या फरकात येत नाहीत, कारण मूळ किमतीला (उत्पादनांवरील कर सोडून उत्पादकाला मिळणाऱ्या किमतीला) मोजलेल्या मूल्यवर्धनात ते आधीच समाविष्ट असतात. जुन्या पाठांत आढळणारी ‘घटक किंमत’ ही संकल्पना हे करही बाजूला ठेवत असे. 2015 पासून मंत्रालयाच्या मुख्य आकड्यांतून तिची जागा मूळ किमतीने घेतली, पण परीक्षांमध्ये आणि असंख्य व्हिडिओंमध्ये ती अजून नांदते आहे. स्पर्धापरीक्षेची तयारी करत असाल तर दोन्ही शिकावे लागेल, मात्र वहीत ती दोन वेगळ्या पानांवर ठेवा.

या फरकाचे महत्त्व कळण्यासाठी 2023-24 ची तिसरी तिमाही पाहावी. फेब्रुवारी 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत त्या तिमाहीची जीडीपीवाढ 8.4 टक्के होती आणि मूल्यवर्धनाची वाढ 6.5 टक्के. जवळजवळ दोन टक्केबिंदूंची ही दरी कारखान्यांत किंवा शेतांत निर्माण झालेली नव्हती. अनुदानांवरील खर्च आटल्यामुळे निव्वळ कर जोरात वाढले आणि त्यांनी जीडीपीचा दर वर ओढला. अशा तिमाहीत उत्पादनाची गती जाणून घ्यायची असेल तर मी मूल्यवर्धनाचा आकडा आधी पाहतो.

त्याच 2024-25 च्या पत्रकात स्थिर किमतींना, म्हणजे 2011-12 च्या किमतींना, जीडीपी 187.97 लाख कोटी आहे. 330.68 ला 187.97 ने भागून 100 ने गुणले की सुमारे 175.9 येतात, हा त्या वर्षाचा जीडीपी अपस्फीतक, म्हणजे आधारवर्षाच्या तुलनेत किमती किती वाढल्या याचे माप. आधीच्या वर्षी चालू किमतींना 301.23 आणि स्थिर किमतींना 176.51 लाख कोटी होते, म्हणजे अपस्फीतक सुमारे 170.7. चालू किमतींची वाढ 9.8 टक्के, वास्तविक वाढ 6.5 टक्के आणि अपस्फीतकातील वाढ सुमारे 3.1 टक्के, हे तिन्ही आकडे एकमेकांत कसे बसतात ते स्वतः काढून पाहा. हा अपस्फीतक आणि बातम्यांत येणारा ग्राहक किंमत निर्देशांक या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात देशात उत्पादित झालेले सर्व काही येते, यंत्रसामग्री आणि निर्यातही, तर दुसऱ्यात कुटुंबांची खरेदी, आणि तीत आयात मालही असतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आले: कोणी चालू किमतींचा आकडा देतो, कोणी स्थिर किमतींचा, कोणी मूल्यवर्धनाचा. उरलेले निम्मे उत्तर सुधारित अंदाजांत आहे. गेली काही वर्षे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चालू वर्षाचा पहिला आगाऊ अंदाज येतो, फेब्रुवारीअखेर दुसरा, मेअखेर हंगामी, आणि त्यानंतरच्या वर्षांत सुधारित अंदाज. टाळेबंदीच्या 2020-21 या वर्षाची वास्तविक घट मे 2021 मध्ये 7.3 टक्के सांगितली गेली, जानेवारी 2022 मध्ये ती 6.6 टक्के झाली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 5.8 टक्के. तीनही आकडे आजही इंटरनेटवर सापडतात आणि तीनही आपापल्या तारखेला अधिकृत होते. सुरुवातीला कंपन्यांचे पूर्ण लेखे, राज्यांचे प्रत्यक्ष खर्च आणि वार्षिक सर्वेक्षणे हाती नसतात. ती येत जातात तसा आकडा बदलतो. म्हणून वहीत किंवा एक्सेलमध्ये जीडीपीचा आकडा लिहिताना त्याच्या शेजारी आधारवर्ष, अंदाजाचा प्रकार आणि प्रसिद्धीची तारीख या तीन गोष्टी लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. आधारवर्ष बदलले की जुन्या आणि नव्या मालिकेतील रकमा एका तक्त्यात सरमिसळ करता येत नाहीत. 2011-12 नंतरच्या मालिकेसाठी मंत्रालयाने 2022-23 हे आधारवर्ष निवडलेले असल्यामुळे तुम्हाला या काळात ही काळजी विशेष घ्यावी लागेल.

आकड्यांवर विश्वास ठेवावा की नाही, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण शिकता शिकता तो येईलच. वडापावच्या गाडीवाल्याने मंत्रालयाकडे कोणताही लेखा पाठवलेला नसतो. 2011-12 च्या मालिकेत असंघटित क्षेत्राचे मूल्यवर्धन एखाद्या सर्वेक्षणवर्षाच्या आधाराने आणि मधल्या वर्षांत इतर निदर्शकांच्या साहाय्याने पुढे ओढून काढावे लागे, आणि त्या निदर्शकांपैकी काही संघटित क्षेत्राचे असत. ज्या वर्षी लहान उद्योगांची अवस्था मोठ्यांपेक्षा बरीच वेगळी असते त्या वर्षी ही पद्धत दिशाभूल करू शकते. तसेच त्याच मालिकेत अनेक क्षेत्रांत उत्पादन आणि मध्यवर्ती वापर यांना वेगवेगळे किंमत निर्देशांक न लावता एकाच निर्देशांकाने मूल्यवर्धन स्थिर किमतींत आणले जाई. कच्च्या मालाचे भाव झपाट्याने पडले तर वास्तविक वाढ फुगलेली दिसू शकते. या टीका गंभीर आहेत आणि तज्ज्ञांमध्ये त्यांवर उघड चर्चा झाली आहे. परंतु ‘आकडे खोटे आहेत’ या विधानाला त्यांतून आधार मिळत नाही. ऑगस्ट 1949 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष होते आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य, ज्या क्षेत्रांची नोंदच होत नाही त्यांचे उत्पन्न अंदाजावे कसे, हा प्रश्न त्यांच्याही पुढे होता. मंत्रालय आपले स्रोत आणि पद्धती यांविषयीची पुस्तिका प्रसिद्ध करते. एखाद्या क्षेत्राच्या आकड्याबद्दल शंका आल्यास समाजमाध्यमांवरील वाद वाचण्याआधी त्या पुस्तिकेतील त्या क्षेत्राचे प्रकरण वाचावे.

इंग्रजी वाचनाची तयारी असेल तर पुढच्या टप्प्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम चांगले आहेत. त्यांत सराव भरपूर असतो. ते पाठ्यपुस्तक आणि एक प्रसिद्धिपत्रक पूर्ण समजल्यावर घ्या, आधी नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील भारतीय अर्थव्यवस्थेचा आकडेसंग्रह लांब पल्ल्याच्या मालिकांसाठी आणि व्यवहारशेषाच्या (देशाच्या परदेशांशी होणाऱ्या देवघेवीच्या हिशेबाच्या) आकड्यांसाठी उपयोगी पडतो. वर सांगितलेली प्राथमिक उत्पन्ने आणि हस्तांतरणे तेथे स्वतंत्र ओळींत दिसतात. लोकलमध्ये वाचन करा, पण तक्ते सुटीच्या दिवशी संगणकावरच हाताळा. मोबाइलच्या पडद्यावर तक्त्याच्या तळटीपा सुटतात, आणि या विषयात अर्धा अर्थ तळटीपांत असतो.

मराठीतून वाचायचे असेल तर राज्य शासनाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ हा सर्वोत्तम स्रोत आहे. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी ती विधिमंडळात मांडली जाते, संकेतस्थळावर मराठीत मिळते आणि तिच्यातील राज्य उत्पन्नाच्या प्रकरणात हीच सारी परिभाषा प्रत्यक्ष आकड्यांसह वापरलेली असते. 2024-25 च्या पाहणीत राज्याचे दरडोई उत्पन्न आगाऊ अंदाजानुसार 3,09,340 रुपये दिले आहे. हा आकडा वाचताना एक खबरदारी घ्या. राज्य उत्पन्न हे उत्पन्न जेथे निर्माण होते तेथे मोजले जाते, ते मिळवणारा कोठे राहतो यावरून नाही. रेल्वे, बँका, विमा यांसारख्या अनेक राज्यांत पसरलेल्या क्षेत्रांचे मूल्यवर्धन आधी देशपातळीवर काढून मग निदर्शकांच्या आधारे राज्यांना वाटून दिले जाते. आणि देशाच्या बाबतीत परदेशाशी होणाऱ्या उत्पन्नाच्या देवघेवीची नोंद उपलब्ध असते, तशी राज्याराज्यांमधील देवघेवीची नसते. त्यामुळे मुंबईत कमावून उत्तर प्रदेशात पाठवलेले पैसे किंवा येथील कंपनीचा परराज्यातील भागधारकांना गेलेला लाभांश या आकड्यातून वजा झालेला नसतो.

जिल्ह्याच्या आकड्यांत हे आणखी ठळक होते. पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्नही असते आणि त्यात मुंबई बरीच वर दिसते. तुम्ही रोज सकाळी डोंबिवलीहून अंधेरीला जाता. तुमच्या श्रमातून निर्माण झालेले मूल्य तुमच्या कार्यालयाच्या ठिकाणी, म्हणजे मुंबईच्या खात्यात मांडले जाते, आणि लोकसंख्येने भागायची वेळ येते तेव्हा तुम्ही व तुमचे कुटुंब ठाणे जिल्ह्याच्या छेदात असता. पाहणीतील तो तक्ता उघडून मुंबई, ठाणे आणि पालघर यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवा, आणि त्यांतील फरकाचा किती भाग या रोजच्या ये-जा करण्यामुळे असू शकेल, तो अंदाजायला कोणती माहिती लागेल आणि ती कोठे मिळेल, याची एक यादी करा.